खेड्यातील आग आणि ‘साहाय्य’ या शब्दाची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यातील लहान गावांत आग विझवण्याची साधने पूर्वापार ठरलेली होती : विहीर, घागरी, भिजवलेली गोणपाटे आणि हाळी ऐकून धावणारी माणसे. नाशिकला १८६४ मध्ये नगरपालिका झाली. खेड्यांसाठी आगीबाबतचा लिखित शब्द बऱ्याच उशिरा आला, आणि तोच पुढे अडचणीचा ठरला.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत आग विझवण्यास ‘साहाय्य करणे’ हा विषय आहे, तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आग विझवणे हेच बंधनकारक कर्तव्य आहे. साहाय्य करायचे ते कोणाला? मुख्य काम करणारा कोण, हे त्या नोंदीत नाही. शिवाय ग्रामनिधी परवडेल तितकीच वाजवी तरतूद करावी, असे अधिनियमाचे कलम ४५ सांगते. या शब्दांतून पाण्याचा टँकर, पाइप आणि तरुणांचे प्रशिक्षण यांवर खर्च करण्याची मुभा नक्कीच निघते. परंतु आग हे आपले मूळ कामच नाही, असा सोयीचा अर्थ रूढ झाला आणि कांद्याच्या चाळी व चाऱ्याच्या गंज्या जळत राहिल्या. हा अर्थ चुकीचा होता, असेच म्हणावे लागेल.

१९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी शहर आणि खेडे यांतील ही दरी अधिक पक्की केली. नागरी संस्थांच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा आली. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ती नाही. आग प्रतिबंधासाठीच्या २००६ च्या राज्य अधिनियमाचा भर इमारतींवर आणि त्यांच्या मालक-भोगवटादारांच्या जबाबदारीवर राहिला. पुढे तालुक्याच्या गावांना नगरपंचायती देण्याचे धोरण आले आणि निफाड, दिंडोरी, कळवण, देवळा, सुरगाणा, पेठ येथे नगरपरिषद अधिनियमानुसार आग विझवणे बंधनकारक झाले. शेजारच्या खेड्याला मात्र हद्दीबाहेरून येणाऱ्या बंबाची वाट पाहावी लागते. १ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव येथील कारखान्याला आग लागली, तेव्हा ठिकठिकाणांहून बंब मागवावे लागले. शेतातल्या एकट्या झापासाठी, म्हणजे झोपडीसाठी, तेवढी धावपळ होत नाही.

गावांनी स्वतः शोधलेला उपाय द्राक्षबागेतला आहे. ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर साधारण ६०० लिटर पाणी घेऊन अरुंद शिवाररस्त्यानेही पोहोचतो. नोझल काढून नळी थेट धरली की गंजीच्या कडेची आग आटोक्यात येते. आतली धग मात्र पेंढ्या उपसूनच विझवावी लागते. फवारणीचा जोर ऑक्टोबर छाटणीनंतर असतो, तर गंज्या पेटतात त्या चैत्र-वैशाखात. त्या वेळी टाकी बहुधा रिकामी असते, ती भरणारी विहिरीवरची मोटर थ्री फेजवर चालते आणि शेतीची वीज पाळीने येते.