डुलॅली: इंग्रजांच्या वेडाला देवळालीचं नाव

‘ही हॅज गॉन डुलॅली’ असं एखाद्या ब्रिटिश मालिकेत ऐकू आलं, तर अर्थ सूर पाहूनच लागतो: याचं डोकं फिरलंय. शब्द थट्टेतला आहे आणि बहुधा ‘गो’ या क्रियापदाला जोडून येतो. खरोखरच्या मानसिक आजाराबद्दल मात्र तो वापरू नये, टोचतो. शब्दकोश पाहून एवढं कळतं. ही डुलॅली कुठे आहे हे विचारायचं तर नाशिककराला विचारावं.

ती आपली देवळाली. ‘ळ’ इंग्रजांच्या जिभेला काही जमला नाही. कागदोपत्री ‘देओलाली’ झाली आणि गोऱ्या सोजिरांच्या तोंडी तिची डुलॅली.

१८६० च्या दशकात इथे ब्रिटिश फौजेची छावणी उभी राहिली. मुंबई बंदर रेल्वेने सुमारे १८० किलोमीटरवर, हवा मुंबईपेक्षा कोरडी. त्यामुळे विलायतेहून येणाऱ्या आणि मुदत संपवून परत निघालेल्या सैनिकांचा मुक्काम इथेच पडू लागला. येणारे लवकर पुढे आपापल्या पलटणीत जात. रखडत ते परतणारे. सैनिकांची ने-आण करणारी जहाजं साधारण थंडीच्या मोसमातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली, त्याला पुढच्या मोसमापर्यंत काही महिने इथेच काढावे लागत. बंदूक जमा केलेली, धड काम नाही, घरी जायची तारीख नाही. मग दारू, मारामाऱ्या, कोठडी. वर ऊन आणि हिवताप.

रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स या पलटणीतला फ्रँक रिचर्ड्स विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात होता. १९३६ साली आलेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत त्याने या शब्दप्रयोगाचं मूळ छावणीतल्या कंटाळ्यात असावं असं म्हटलं आहे. तो स्वतः साधा शिपाई होता, त्यामुळे मला त्याचं म्हणणं पटतं. या गोष्टीत नेहमी उन्हाला दोष दिला जातो. पण ऊन तर सगळ्या हिंदुस्थानभर होतं, तरी नाव पडलं ते वाट पाहायला लावणाऱ्या गावाचं.

मूळ प्रयोग पूर्ण होता: ‘डुलॅली टॅप’. हा टॅप म्हणजे नळही नव्हे आणि टिचकीही नव्हे. हिंदुस्थानी बोलीतला हा तप, म्हणजे आपला ताप. म्हणजे अख्खा प्रयोग ‘देवळालीचा ताप’ असा होतो, आणि ‘डोक्याला ताप’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. पुढे सोजिरांबरोबर शब्द विलायतेत पोचला, तिथे ताप गळून पडला आणि नुसती डुलॅली उरली. १९७४ मध्ये बीबीसीवर सुरू झालेल्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या विनोदी मालिकेची सुरुवातही देवळालीच्या छावणीतच होते.

गावाच्या नावाने वेड ओळखायची सवय आपल्यालाही आहेच. ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्यात भरती करा’ असं आपण सहज म्हणतो. पण ते तिथल्या मनोरुग्णालयांमुळे. देवळालीची कीर्ती मराठी मुलखात अगदी उलटी: कोरड्या हवेचं ठिकाण. मुंबईची माणसं पिढ्यान् पिढ्या तिथल्या सॅनिटोरियममध्ये हवापालटाला जात आली आहेत.