स्टॉक फोटोंचं खातं: कोकणातून अर्ज करताना लागणारे कागद, नावं आणि सह्या

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या मासेमारी जाळ्याचा, फोटो चुकणं कठीण. सकाळचं कोवळं ऊन, दोन्ही अंगांनी दोर खेचणारे पंचवीस-तीस गडी, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. असा फोटो मोबाइलमध्ये घेऊन कोणीतरी महिन्याला एकदा तरी आमच्या दुकानात येतो आणि विचारतो, "हे ऑनलाइन विकतात म्हणे, खाती कशी काढायची?" मालवणात आमचा फोटो स्टुडिओ आहे, त्यालाच लागून झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं टेबल. मी स्वतःही फावल्या वेळात फोटो टाकतो, त्यामुळे दोन्ही बाजू ठाऊक आहेत. फोटो बरा की वाईट हे नंतरचं. आपल्याकडचे बहुतेक अर्ज अडतात ते नावाच्या स्पेलिंगवर आणि न घेतलेल्या सहीवर.

आधी हे की तुम्ही फोटो विकत नाही, तो वापरायचा परवाना देता. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, अलामी, आयस्टॉक या स्टॉक फोटोंच्या ऑनलाइन एजन्सी तुमचा फोटो त्यांच्या साठ्यात ठेवतात, गिऱ्हाईक तो डाउनलोड करतं आणि त्यातला ठरलेला हिस्सा रॉयल्टी म्हणून तुम्हाला मिळतो. कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. करार 'एक्सक्लुझिव्ह', म्हणजे एकाच एजन्सीला बांधलेला, नसेल तर तोच फोटो चार ठिकाणी टाकता येतो.

पात्रता

वय १८ पूर्ण पाहिजे. डिग्री, दुकानाचा परवाना, जीएसटी नंबर, महागडा कॅमेरा यातलं काही लागत नाही. फोटो जेपीईजी, एसआरजीबी रंगात आणि शटरस्टॉक व अडोबी या दोघांकडेही किमान ४ मेगापिक्सेलचा हवा. आजचा कुठलाही बरा फोन हे भागवतो. अलामी मात्र उघडल्यावर १७ एमबी भरेल एवढी फाइल मागते, म्हणजे साधारण ६ मेगापिक्सेल. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो कुठेच चालत नाही, तो आधीच चेपलेला असतो. पेनड्राइव्ह किंवा केबलनेच आणा.

नोंदणीला फी नाही. कोणी 'कंट्रिब्यूटर' (फोटो देणारा) रजिस्ट्रेशनचे पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे. आम्ही फॉर्म भरून द्यायचे पैसे घेतो, ते आमच्या बसण्याचे.

फोटो तुमचाच हवा, हे वाचायला सोपं वाटतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी इथे थांबावं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. नवरीच्या मेंदीचा क्लोजअप कितीही झकास असला तरी तो तिच्या घरच्यांचा. त्यांच्याकडून लेखी घ्या, नाहीतर त्या फायलींना हात लावू नका.

मुलगा सोळाचा आहे म्हणून बाबांच्या नावाने खातं उघडून त्याचे फोटो टाकायचे, हाही बेत नेहमी होतो. खातं ज्याचं, तो 'हे हक्क माझे आहेत' असं करारात कबूल करत असतो. दोन वर्षं थांबा, तोवर साठा वाढेल.

नाव एकच, तीन ठिकाणी

कागद थोडेच लागतात. सरकारी फोटो ओळखपत्र, पॅन, बँक खातं, चालू ईमेल आणि पैसे घ्यायला पेपाल किंवा पेओनिअरचं खातं. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट असेल तर उत्तम, नसेल तर ड्रायव्हिंग लायसन्स. फोटो काढताना चारही कोपरे दिसू द्या आणि फ्लॅश मारू नका. प्लास्टिकवर पांढरा डाग पडतो आणि नेमका जन्मतारखेवर पडतो.

खरा घोळ नावाचा. पॅनवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण, बँकेत नुसतं आद्याक्षर आणि आडनाव, लायसन्सवर आडनाव आधी. बायकांच्या बाबतीत त्यात माहेर-सासर. आपल्याला हे सगळं एकच माणूस दिसतं, संगणकाला तीन दिसतात. त्यात आपली आडनावं इंग्रजीत प्रत्येक कार्डावर वेगळी, कुठे 'डब्ल्यू' तर कुठे 'व्ही'. एजन्सीच्या खात्यात, पेपालला आणि बँकेत नाव पॅनप्रमाणे एकाच स्पेलिंगने असू दे. बँकेत जाऊन नाव बदलायला एक दिवस मोडतो, पण तो अर्जाच्या आधी मोडा. पैसे अडकल्यावर तोच दिवस महिन्यावर जातो. लोकांना दिसणारं टोपणनाव वेगळं ठेवता येतं, तिथे हौस भागवा.

पेपालचं भारतातलं खातं परदेशातून आलेले पैसे धरून ठेवत नाही, ते आपोआप बँकेत वळते होतात. त्यासाठी पॅन, बँक खातं आणि पैसे कशाचे आहेत याचा 'पर्पज कोड' भरलेला लागतो.

अमेरिकेचा कर-फॉर्म

याला लोक उगाच घाबरतात. फॉर्मचं नाव डब्ल्यू-८ बेन. मी अमेरिकेचा नागरिक नाही, भारतात राहतो, तिथल्या गिऱ्हाइकांकडून आलेल्या रॉयल्टीवर कर कापताना भारत-अमेरिका कर-करार लावा, एवढंच त्यात सांगायचं असतं. हा फॉर्म भरला नाही तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतात. भरला आणि कराराचं कलम १२ लावलं तर १५ टक्के. कापणी फक्त अमेरिकेतल्या विक्रीवर, जर्मनी-जपानच्या नाही.

परदेशी करक्रमांकाच्या रकान्यात पॅन टाकायचा. पत्ता कायमचा राहण्याचा, पोस्ट बॉक्स चालत नाही. आपल्याकडे पत्ता म्हणजे 'मु. पो., वाडी, अमक्या देवळाजवळ', तोच इंग्रजीत लिहा, फक्त पिनकोड बरोबर असू दे. जन्मतारीख अमेरिकी पद्धतीने महिना आधी, मग दिवस. ७ ऑगस्टला जन्मलेला माणूस सवयीने ०७-०८ लिहितो आणि फॉर्मवर ८ जुलैला जन्मतो. १२ च्या पुढचा दिवस असेल तर संगणक लगेच ओरडतो, पण ७ ऑगस्टवाल्याला कोणी काही सांगत नाही. सही म्हणजे पूर्ण नाव टाइप करणं. सही केली ते वर्ष सोडून पुढच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत फॉर्म चालतो, मग नवा.

सही कित्याक व्हयी?

ओळखता येणारा माणूस फोटोत असेल आणि फोटो जाहिरातीसारख्या व्यापारी वापरासाठी द्यायचा असेल, तर त्या माणसाची लेखी संमती लागते. हिला मॉडेल रिलीज म्हणतात. मूल असेल तर आई किंवा वडिलांची सही. घर, वाडा, होमस्टे ओळखू येत असेल तर मालकाची प्रॉपर्टी रिलीज. छापील नमुना एजन्सीच्या साइटवरच मिळतो. त्यावर शूटची तारीख, माणसाचं नाव-पत्ता, त्याची सही, तुमचं नाव आणि साक्षीदाराचा रकाना असेल तर त्याची सही. तारीख फोटोच्या फाइलमधल्या तारखेशी जुळली पाहिजे, म्हणून कॅमेऱ्याचं घड्याळ आधी लावून घ्या.

गावात हे कागद काढणं अवघड, कारण सगळे ओळखीचे. आमच्या वाडीतले एक तात्या पावसाळ्यात होडी वर काढल्यावर अंगणात बसून जाळं विणतात. मी फक्त हातांचे फोटो काढले. सुई, हिरवा दोरा, नखांत बसलेलं मीठ. चेहरा नाही म्हणजे रिलीज नको, असं धरून पाठवले आणि परत आले. मनगटावर आईचं नाव गोंदलेलं होतं, त्यावरून माणूस ओळखू येतो. दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन गेलो तर तात्या म्हणाले, "सही कित्याक व्हयी रे? माका वळाखतंस ना तू?" इंग्रजी फॉर्म मी त्यांना मराठीत वाचून दाखवला. तुमचे हात उद्या परदेशातल्या तेलाच्या बाटलीवर दिसले तरी चालतील ना, असंही विचारलं. ते हसले, पण लगेच सही केली नाही. रात्री मुलाला मुंबईला फोन करून विचारलं आणि मग केली. तात्यांचं बरोबर होतं. कसली सही आहे ते समोरच्याला कळल्याशिवाय घेऊ नये, मग तो आपला काका का असेना.

रापणीवर तीस गडी. तीस फॉर्म कोण भरणार? असे फोटो 'एडिटोरियल' म्हणून टाकायचे, म्हणजे बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांसाठी. तिथे रिलीज लागत नाही, जाहिरातीत वापर होत नाही. पण फोटोत काही खोडायचं नाही, जोडायचं नाही, आणि फोटोखालची ओळ (कॅप्शन) ठराविक साच्यात लिहायची. शटरस्टॉकला आधी गाव, राज्य किंवा देश, मग तारीख, मग कोण काय करतंय ते साध्या वाक्यात. हर्णैचा मासळी लिलाव, दशावताराची रंगपटातली तयारी, शिमग्याची पालखी, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांची स्टेशनवरची गर्दी हे सगळं याच प्रकारात.

व्यापारी वापरासाठी टाकायच्या फोटोतून ब्रँडचं नाव, बोटीचा रंगवलेला नोंदणी क्रमांक, गाडीची नंबरप्लेट पुसावी लागते. आंब्याच्या पेटीवर बागाईतदाराचं नाव छापलेलं असतं, ती पेटी उलटी फिरवा. फोटोशॉपपेक्षा सोपं.

किल्ले आणि ड्रोन

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. त्यात आपल्या किनाऱ्यावरचे सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत हातातल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोला सहसा कोणी अडवत नाही, पण ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी. मंदिराच्या गाभाऱ्यात ट्रस्टला विचारल्याशिवाय नाहीच.

ड्रोनवाल्यांनी ड्रोन नियम २०२१ वाचावेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला ती सूट फक्त बिगर-व्यापारी वापरासाठी आहे, आणि फोटो विकायचा म्हणजे वापर व्यापारी. चिपीच्या विमानतळाच्या आसपास उडवण्यापूर्वी सरकारच्या ड्रोन-नकाशात तो भाग हिरवा, पिवळा की लाल ते बघा.

अर्ज आणि तपासणी

आता अर्ज, जो सगळ्यात सोपा. साइटवर कंट्रिब्यूटर म्हणून खातं, ईमेलची खातरजमा, ओळखपत्र, कर-फॉर्म, पैसे घेण्याची पद्धत. अलामी सुरुवातीला ३ फोटो तपासते. आयस्टॉकचा अर्ज तिची मालक कंपनी गेटी हिच्या मोबाइल अॅपमधून, नमुन्याच्या फोटोंसह. पहिल्या खेपेला वीस समुद्र पाठवू नका, 'सारखेच फोटो' म्हणून परत येतात. आपल्याकडच्या फोटोंचा नेहमीचा दोष म्हणजे तिरकं क्षितिज. समुद्राची रेघ अर्धा अंश कलली तरी तपासणाऱ्याला दिसते. आकाशातले लेन्सच्या धुळीचे ठिपके आणि पावसाळी उजेडात आलेले दाणे, हे त्याखालोखाल. शंभर टक्के मोठा करून बघितल्याशिवाय पाठवायचं नाही. एआयने बनवलेली चित्रं अडोबी तसं स्पष्ट नोंदवल्यास घेते, शटरस्टॉक कंट्रिब्यूटरकडून घेत नाही.

शीर्षक आणि कीवर्ड (फोटो शोधायचे शब्द) इंग्रजीत. शटरस्टॉकला कीवर्ड किमान ७, जास्तीत जास्त ५०. अडोबीकडे क्रम महत्त्वाचा, पहिले दहा नेमके हवेत. नुसतं 'कोकण' लिहून बाहेरचा माणूस शोधत नाही, तो मासेमारी, किनारा, नारळ, पाऊस असं शोधतो. उलट कोकम, सोलकढी, घावणे यांना त्यांची खरी नावं द्याच, कारण ज्याला ते हवंय त्याला तेच हवंय. कोकमाला गार्सिनिया इंडिका हे शास्त्रीय नावही जोडा.

पैसे

अडोबी फोटोवर ३३ टक्के देते. शटरस्टॉक वर्षातल्या डाउनलोडप्रमाणे १५ ते ४० टक्के, आणि १ जानेवारीला सगळे पुन्हा १५ वर. सबस्क्रिप्शनच्या डाउनलोडला तिथे १० सेंटही मिळतात. अडोबीकडून पैसे काढायला निदान २५ डॉलर साठावे लागतात. शटरस्टॉकसारख्या दहा-दहा सेंटनी २५ डॉलर जमवायचे म्हटलं तर २५० डाउनलोड होतात, हे मी प्रत्येकाला कॅल्क्युलेटरवर करून दाखवतो. अडोबीकडून पहिले पैसे पहिल्या विक्रीनंतर ४५ दिवसांनीच मागता येतात. अलामीची मर्यादा ५० डॉलर.

आलेली रॉयल्टी भारतात करपात्र आहे, रक्कम छोटी असली तरी विवरणपत्रात दाखवायची. अमेरिकेत कापलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, त्यासाठी आयकराचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. म्हणून प्रत्येक महिन्याचं स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा.

दुकानात येताना पॅन, लायसन्स किंवा पासपोर्ट, पासबुक आणि मूळ फायली आणा. ओटीपी येणारा फोन तुमचाच असू दे, मुंबईतल्या भावाचा नको. आणि शक्यतो सकाळी या, संध्याकाळी इथे लाइट जाते.