गोरे स्वामी आले कुठून? सिंहस्थाआधी थोडी पार्श्वभूमी

2026-27 चा सिंहस्थ म्हणजे त्र्यंबकला परत जटावाले फॉरेनर साधू दिसणार, लोक सेल्फी काढणार आणि "हिप्पी आहेत हो सगळे" म्हणून पुढे जाणार. पण हिप्पी फार उशिरा आले, परदेशी माणसानं साधू होण्याची वाट त्यांच्या कितीतरी आधीची आहे.

विवेकानंदांचं 1893 चं शिकागो सगळ्यांना पाठ असतं, पण 1895 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या थाउजंड आयलंड पार्कला त्यांनी दोघा पाश्चात्त्यांना सरळ संन्यासच दिला हे फार कुणी सांगत नाही. मारी लुईस नावाच्या फ्रेंच बाई झाल्या अभयानंद, आणि लिऑन लँड्सबर्ग हा न्यूयॉर्कच्या पेपरात काम करणारा रशियन ज्यू झाला कृपानंद. दोघंही पुढे दुरावले ते सोडा. आसनं वगैरे यात कुठेच नव्हती, हठयोगाचं विवेकानंदांना फारसं कौतुक नव्हतं. मग रोनाल्ड निक्सन, पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश पायलट, लखनौला शिकवायला आला आणि 1928 ला कुलगुरूंच्या पत्नीलाच गुरू करून वैष्णव वैरागी कृष्णप्रेम झाला, अल्मोड्याजवळ मिर्तोल्याला आश्रमात राहिला. तोही योगा टीचर नव्हता, कृष्णभक्त होता.

खरी अडचण होती अधिकाराची. संन्यास घेताना शेंडी आणि जानवं सोडायचं असतं, आता ज्याचं जानवंच नाही तो सोडणार काय? दंडी म्हणजे हातात दंड धरणाऱ्या संन्याशांच्या परंपरेत तर ब्राह्मणच लागतो. व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फिशरला बऱ्याच जणांनी नाही म्हटलं, शेवटी बनारसला एका संन्याशानं दीक्षा दिली तेव्हा तो अगेहानंद भारती झाला, आणि नंतर अमेरिकेत सिरॅक्यूजला मानववंशशास्त्राचा प्रोफेसर!

हे दार सताड उघडलं ते ऋषिकेशच्या शिवानंदांनी. मूळचे डॉक्टर, मलायात प्रॅक्टिस केलेले, 1936 ला डिव्हाइन लाइफ सोसायटी काढली, आणि जात, देश, बाई की पुरुष असलं काही न बघता संन्यास द्यायला लागले. 1956 ला जर्मनीत जन्मलेल्या, कॅनडात राहणाऱ्या सिल्व्हिया हेलमन त्यांच्याकडून दीक्षा घेऊन स्वामी राधा झाल्या. आणि शिवानंदांनीच आसन-प्राणायाम भगव्या कपड्याला जोडून दिलं, माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच. शिष्य विष्णुदेवानंद 1957 ला अमेरिकेत गेले आणि 1969 ला त्यांनी योगा टीचर ट्रेनिंगचा कोर्स काढला, आजचे महिनाभराचे सर्टिफिकेट कोर्स त्याच वळणाचे. दुसरे शिष्य सत्यानंद, त्यांनी 1964 ला मुंगेरला बिहार योग विद्यालय काढलं, तिथे पुढे परदेशी पोरापोरींना भगवी वस्त्रं आणि योग शिकवणं एकाच ठिकाणी मिळायला लागलं.

आपल्याकडचा धागा जरा वेगळा. स्वामी मुक्तानंद गणेशपुरीला आपल्या गुरूंकडे, नित्यानंदांकडे जायचे तेव्हा बरेच दिवस येवल्याला राहिलेले, म्हणजे आपल्याच नाशिक जिल्ह्यात, आणि 70 च्या दशकात त्यांच्याच गणेशपुरीत अमेरिकन मंडळी सरस्वती संन्यासी झाली. पण नाशिकमध्ये योग रुजवला तो संसारी माणसांनी. विश्वास मंडलिकांचं योगविद्या धाम 1978 चं, त्यांचं त्र्यंबक रोडला तळवाड्याचं गुरुकुल फॉरेनरना चांगलं माहितीय, पण तिथे शिकायला कुणाला मुंडण करावं लागत नाही. पुण्याचे योगगुरू अय्यंगारही गृहस्थच. त्यामुळे "योगा शिकवतो म्हणजे स्वामी असेल" हे आपल्या लोकांना जरा विचित्रच वाटतं, आणि बरोबरच आहे ते.

ज्याला खरंच आखाड्यातला साधू व्हायचंय त्याला त्र्यंबकला येणाऱ्या आखाड्यांकडे जावं लागतं. तेरापैकी तीन वैष्णव आखाडे सिंहस्थात नाशिकच्या रामकुंडावर स्नान करतात, बाकी दहा त्र्यंबकच्या कुशावर्तावर. संन्यासाला मुंडण, विरजा होम आणि जिवंतपणी स्वतःचं पिंडदान, पासपोर्ट कुठलाही असो.

गंमत म्हणजे हठयोग परंपरेनं या दशनामी (सरस्वती, भारती अशी नावं लावणाऱ्या) संन्याशांचा नाही, नाथांचा मानतात, आणि नाथांचं घर इथेच. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला तो ब्रह्मगिरीच्या गुहेत, निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकलाच. दर सिंहस्थाला नाथ जोग्यांची झुंडी इथून पायी निघते ती थेट मंगळूरच्या कदरी मठापर्यंत, पण योगा शिकायला आलेल्यांपैकी फार थोड्यांच्या ते गावी असतं.