मायफळाची शाई आणि रेम्ब्रांचा कुत्रा

बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रां याचं एक छोटं रेखाचित्र आहे. लाकडी घरात मुटकुळं करून झोपलेला राखणीचा कुत्रा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्याचाच एक घोडा आहे, पाठीवर मोगल सरदार घेऊन. हॉलंडबाहेर कधी न गेलेल्या रेम्ब्रांने तो 1656 ते 1661च्या सुमारास मोगल लघुचित्रावरून, जपानी कागदावर उतरवला. दोन्ही चित्रांच्या नोंदीत माध्यम म्हणून लिहिलंय: लेखणी आणि तपकिरी शाई.

हा ‘तपकिरी’ शब्द फसवा. त्या काळी लाकडाच्या काजळीची शाई असे, ती मुळातच तपकिरी. आणि दुसरी मायफळाची. ती काळीभोर असे, पुढे तपकिरी पडते. आज नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच, म्हणून जाणकार नोंदीत रंगापुढे जात नाहीत.

मायफळ म्हणजे तेच, बाळगुटीत सहाणेवर उगाळतात ते. नाव फळाचं, पण ते फळ नव्हे. एक चिमुकली गांधीलमाशी ओकच्या झाडावर अंडी घालते, आतल्या अळीभोवती झाड गाठ धरतं, ती ही. तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य ठासून भरलेलं. तिच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, आणि डिंक घातला की शाई तयार. कागदावर उतरताना ती फिकी असते. हवेतला ऑक्सिजन लागला, की लोहाचं रूप बदलतं आणि रेघ डोळ्यांदेखत काळी होते.

गोम हिराकसात आहे. त्यातून गंधकाम्ल सुटतं, आणि जास्तीचं लोह कागदातल्या सेल्युलोजचं ऑक्सिडीकरण भराभर घडवत राहतं. जिथे शाई दाट, तिथेच कागद आधी तडकतो. डच लोक याला शाईची खादाडी म्हणतात.

गंमत म्हणजे उपायही नेदरलँड्समध्येच निघाला. 1990च्या दशकात डच संशोधक योहान नेव्हल यांनी कॅल्शियम फायटेटचा वापर सुचवला. फायटेट म्हणजे धान्याच्या कोंड्यात असतो तोच पदार्थ. तो मोकळं लोह धरून ठेवतो. नंतर कॅल्शियम बायकार्बोनेट आम्ल मारतं. पण यासाठी चित्र पाण्यात बुडवायचं म्हणजे काळजात धस्स होणारच. अर्धवट ओल लागली तर लोह कोऱ्या कागदावर पसरतं. म्हणून आधी मोकळं लोह ओळखणारी एक कागदी पट्टी ओलसर करून रेघेवर अर्धा मिनिट टेकवतात. गुलाबी डाग उमटला, तर शाई अजून खातेय.