श्वेतपटलशोथ

नेत्रगोलाच्या पांढऱ्या, चिवट बाह्य आवरणाचा म्हणजे श्वेतपटलाचा दाह. याला स्क्लेरायटिस असेही म्हणतात. डोळा लाल झाला की ‘डोळे आले’ म्हणून लोक मोकळे होतात. पण डोळे येण्यात चिपडे धरतात, पापण्या चिकटतात, डोळा खुपतो. फारसा ठणकत नाही. इथे ठणका हेच मुख्य लक्षण. कळ खोलवरून उठते, कपाळ, कानशील, जबड्यापर्यंत जाते, डोळा फिरवला की वाढते आणि रात्री झोपेतून उठवते. दाताचे दुखणे किंवा अर्धशिशी वाटावी, अशीच ती असते.

लाली पाहायची तर दिवसाच्या उजेडात: तिच्यात निळसर-जांभळी झाक असते. फिनाइलेफ्रिनचे (रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या औषधाचे) थेंब घातल्यावर वरवरच्या रक्तवाहिन्या फिक्या पडतात, खोलवरच्या तशाच राहतात. श्वेतपटलाच्या वरच्या थराचा सौम्य दाह (एपिस्क्लेरायटिस) मात्र या थेंबांनी बराच निवळलेला दिसतो आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. दाह डोळ्याच्या मागच्या भागात असेल तर डोळा वरून पांढराही दिसू शकतो. तेव्हा सोनोग्राफीच उपयोगी पडते.

सुमारे निम्म्या रुग्णांत मूळ शरीरात अन्यत्र असते. संधिवाताभ (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) सर्वांत पुढे. त्याखेरीज रक्तवाहिन्यांचा दाह, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), क्वचित क्षय, उपदंश, नागीण. म्हणून नेत्रतज्ज्ञ सांध्यांची चौकशी करतात, रक्त-लघवी तपासायला सांगतात. ते अवांतर नव्हे. जुनाट संधिवाताभात कधी श्वेतपटल न दुखता, न लाल होता झिजत जाते. ठणक्याच्या नियमाला हा धोकादायक अपवाद आहे.

नुसत्या थेंबांनी सहसा भागत नाही. सौम्य प्रकारात इंडोमेथासिनसारख्या दाहशामक गोळ्या, न भागल्यास पोटातून स्टेरॉइड, पुढे मेथोट्रेक्सेटसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे देतात. जंतुसंसर्ग नाही याची खात्री आधी हवी, कारण संसर्गात स्टेरॉइड उलटू शकते. घरात उरलेले थेंब घालणे याचसाठी वाईट. स्टेरॉइड एकाएकी बंद करायचे नसते. औषध लागू पडल्याचे आधी ठणक्यावरून कळते. लाली सावकाश ओसरते. नंतर राहणारा करडा-निळा डाग म्हणजे उरलेला दाह नव्हे: आवरण पातळ होऊन आतला रंगीत थर दिसू लागलेला असतो. अशा डोळ्याला मार लागू देऊ नये.