‘गोवर आत दबतो’ म्हणे!

नागपुरात, महाल असो की मानेवाडा, लेकराच्या अंगावर पुरळ दिसलं की घरातलं कोणीतरी सांगतंच: “माता आली, औषध देऊ नका, गोवर आत दबेल.” मग उशाशी कडुनिंबाचा पाला अन् अंघोळ बंद.

आत दबण्यासारखं काही नसतं. पुरळ ही विषाणूशी लढणाऱ्या शरीराची प्रतिक्रिया आहे. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, पुरळ थांबत नाही. अंघोळही चालते. पाला ठेवायचा तर ठेवा, पण डॉक्टरकडे जाणं टाळू नका.

शिवाय प्रत्येक पुरळ गोवर नसतंच. ताप अन् पुरळ यांचा क्रम बघा. गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. मग कानामागून, चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरतं आणि तापही चढलेला असतो. रोझिओला या विषाणूच्या आजारात उलटं: तान्ह्याला तीन-चार दिवस सणसणीत ताप, तो उतरला की पुरळ. (“गोवर आला नि ताप गेला” ही गोष्ट बहुधा इथलीच!) तोंडात फोड, तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर हँड-फूट-माउथ. कांजिण्यांत पाणी भरलेले फोड. पावसाळ्यानंतर डेंग्यूही डोक्यात ठेवायचा.

खात्री डोळ्यांनी होत नाही, गोवराची तर रक्ततपासणीने होते. गोवरात व्हिटॅमिन ए चे दोन डोस देतात, म्हणून निदान लवकर हवं. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, सरकारी दवाखान्यात मोफत.

अंगावर काचेचा पेला दाबूनही न पुसटणारे डाग, धाप किंवा सुस्ती दिसली, तर रात्रीच दवाखान्यात निघा.