ठाणे खाडीचा गाळ: ‘काढणे’ आणि ‘साफ करणे’

ठाणे-बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकात रासायनिक कारखाने आले आणि त्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं नाल्यांतून खाडीत उतरलं. त्याच काळात शेतात बीएचसी आणि वस्त्यांत डीडीटी ही कीटकनाशकं सर्रास फवारली जात. भिंतींवर उरणारे डीडीटीचे पांढरे डाग जुन्या लोकांना आठवत असतील. डीडीटीची शेतीतली फवारणी १९८९ मध्ये आणि बीएचसी १९९७ मध्ये बंद झालं. डासांवर मात्र डीडीटी त्यानंतरही चालूच राहिलं.

ही रसायनं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. बारीक मातीला चिकटून ती तळाशी बसतात. गाळातले किडे निवटी हा चिखलातला मासा खातो, निवटीला बगळा. प्रत्येक पायरीला चरबीतला साठा वाढतो.

घोळ होतो तो ‘गाळ काढणे’ या शब्दांनी. होड्यांना वाट करून देणं, रेती उपसणं आणि विषारी थर हटवणं ही तिन्ही कामं या एकाच नावाखाली खपतात. रेतीला विष फारसं धरत नाही, ते बारीक चिखलात असतं. पंपाने रेती ओढली की तो चिखल धुऊन पुन्हा पाण्यातच जातो. म्हणजे खोली वाढते, पण खाडी साफ होत नाही. उलट खाली दबलेला जुना थर उकरला तर भरती-ओहोटी तो दूरवर पसरवते. म्हणून काही ठिकाणी उपसण्याऐवजी वर स्वच्छ वाळूचा थर देऊन गाळ झाकतात. कागदोपत्री हा फरक क्वचितच दिसतो, आणि तो मुद्दाम पुसट ठेवला जातो असं वाटायला जागा आहे.

नीट उपसलं तरी काम फत्ते होतंच असं नाही. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड बंदरात १९४७ ते १९६६ डीडीटी दळून पिशव्यांत भरलं जायचं. तिथल्या एका चिंचोळ्या पट्ट्यातला गाळ १९९६-९७ मध्ये उपसून दूरच्या भरावभूमीत, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागी, नेला. पुढच्या काही वर्षांतल्या तपासण्यांत त्याच पट्ट्यात डीडीटी पुन्हा सापडलं.

आपल्याकडे आता दोन्ही काठांना कायद्याने जपलेली कांदळवनं आहेत, खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. त्यात ठाणे-कल्याणच्या पाण्याला २०१६ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग ठरवलं गेलं. बोटी चालवायच्या तर तळ खणावा लागेल. पण त्या गाळाची तपासणी बार्जवर चढवण्याआधी करायची की नंतर, आणि विषारी निघाला तर तो कुठल्या गावाशेजारी टाकायचा?